कोबीच्या वाढीवर व उत्पादनावर खतांचा होणारा परिणाम : गोखिवरे (ता. वसई, जि. पालघर) परिसराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

कोबी हे नत्राला चटकन प्रतिसाद देणारे पीक आहे. त्यामुळे अधिक खत म्हणजे अधिक उत्पादन असा समज सर्वत्र रूढ झाला आहे. प्रस्तुत लेखात कोबीच्या वाढीच्या अवस्था, प्रत्येक अन्नद्रव्याचे कार्य, खताची मात्रा व वेळ आणि त्यांचा गड्ड्याच्या वजनाशी व प्रतीशी असलेला संबंध यांचे विवेचन केले आहे. गोखिवरे परिसरातील हलक्या जमिनी, अल्पकाळ टिकणारी थंडी आणि उथळ विहिरी यांचा विचार करता खताचा प्रश्न केवळ उत्पादनाचा राहत नाही, तो पिण्याच्या पाण्याचाही होतो. पिकाने न घेतलेल्या नत्राचा हिशेब उत्पादनाच्या हिशेबात धरला पाहिजे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : कोबी, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, संतुलित खतमात्रा, नायट्रेट, भूजल.

१. प्रस्तावना

वसई तालुक्याची बागायती फार जुनी आहे. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या ठाणे गॅझेटिअरमध्ये वसईच्या केळी, ऊस व पानवेलीच्या बागांची नोंद आढळते. रहाटाच्या पाण्यावर पिकलेल्या वाडीतील भाजीपाल्याने मुंबईची बाजारपेठ अनेक पिढ्या पोसली. कोबी मात्र या भूमीत बाहेरून आलेला आहे. 'कोबी' हा शब्दच पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला असे मानले जाते. १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या वसईला हा शब्द परका वाटू नये.

महाराष्ट्रात कोबीची मोठी लागवड नाशिक, पुणे, सातारा या पठारी जिल्ह्यांत होते. उत्तर कोकणात भातकापणीनंतर, हाताशी असलेल्या पाण्यावर लहान तुकड्यांत तो घेतला जातो. गोखिवरे हे गाव वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस, तुंगारेश्वरच्या डोंगररांगेच्या बाजूस वसलेले आहे. २००९ साली स्थापन झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत ते येते. औद्योगिक गाळे, चाळी व इमारती यांच्यामध्ये उरलेल्या शेतजमिनीचे क्षेत्र आता एकरांपेक्षा गुंठ्यांत मोजणेच अधिक सोयीचे. अशा ठिकाणी प्रत्येक गुंठ्यातून अधिकाधिक उत्पन्न काढण्याची ओढ स्वाभाविक आहे आणि त्यासाठी सर्वांत सहज हाती येणारे साधन म्हणजे युरियाची गोणी.

म्हणूनच खत कोबीमध्ये नेमके काय करते, किती प्रमाणापर्यंत करते आणि त्यापुढे त्याचे काय होते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

२. लेखाची उद्दिष्टे

(१) कोबीच्या वाढीच्या अवस्था व अन्नद्रव्यांची गरज यांतील संबंध स्पष्ट करणे.
(२) खतांच्या कमी, योग्य व अतिरिक्त मात्रेचे उत्पादनावरील परिणाम विशद करणे.
(३) शिफारशीची मात्रा गुंठ्याच्या व रोपाच्या हिशेबात मांडणे.
(४) खतवापर व विहिरीचे पाणी यांतील संबंध दाखवून महाविद्यालयीन पातळीवर करता येण्याजोगा अभ्यास सुचविणे.

३. कोबीची वाढ व तिच्या अवस्था

कोबी ही मोहरी कुळातील वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव ब्रासिका ओलेरेसिया, प्रकार कॅपिटाटा असे आहे. ज्याला आपण गड्डा म्हणतो तो वस्तुतः आखूड खोडावर एकमेकांना घट्ट बिलगलेल्या पानांनी वेढलेला एक मोठा शेंडा होय. म्हणजे कोबीत पान हेच उत्पादन आहे. धान्याच्या पिकात नत्र जास्त झाल्यास पाला वाढतो व दाणा घटतो. कोबीत पालाच विकावयाचा असल्याने नत्राची अतिरिक्त मात्रा निरुपद्रवी असावी, असा तर्क केला जातो. तो अर्धाच खरा आहे.

कोबीच्या पानांचे दोन वर्ग पडतात. प्रथम येणारी बाहेरची पसरट पाने सूर्यप्रकाश घेऊन अन्न तयार करतात. नंतर येणारी, आत वळलेली पाने ते अन्न साठवितात. बाहेरची पाने पुरेशी मोठी झाल्याशिवाय गड्डा भरत नाही. उलट, बाहेरची पानेच वाढत राहिली तर गड्डा पोकळ राहतो. त्यामुळे झाडाचे एकूण वजन आणि विक्रीयोग्य गड्ड्याचे वजन या दोन भिन्न गोष्टी आहेत. शेतात हिरवेगार, फोफावलेले दिसणारे पीक वजनकाट्यावर निराशा करते त्याचे कारण हेच होय.

गोल्डन एकर, प्राइड ऑफ इंडिया यांसारख्या लवकर येणाऱ्या जातींमध्ये वाढीच्या अवस्था साधारणतः पुढीलप्रमाणे असतात. गादीवाफ्यावर २५ ते ३० दिवसांत रोप तयार होते. लागवडीनंतर पहिले दोन आठवडे मुळे रुजण्यात जातात. त्यानंतर तीन ते चार आठवडे बाहेरची पाने जोमाने वाढतात. पुढे मधली पाने आत वळू लागतात व गड्डा भरतो. लागवडीपासून ६० ते ७० दिवसांत काढणी सुरू होते. अन्नद्रव्यांची मागणी पहिल्या पंधरवड्यात अल्प असते. ती पानवाढीच्या काळात झपाट्याने वाढते आणि गड्डा भरताना सर्वाधिक असते.

येथे हवामानाची अट महत्त्वाची आहे. कोबीला १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवते. उत्तर कोकणात अशी थंडी डिसेंबर-जानेवारीत, तीही प्रामुख्याने रात्री लाभते. भात निघाल्यावर लागवड करावयाची आणि उष्मा वाढण्यापूर्वी गड्डा भरून घ्यावयाचा, एवढाच अवधी गोखिवरे येथील शेतकऱ्याच्या हाती असतो. खत देण्यास दोन-तीन आठवड्यांचा विलंब झाल्यास पठारावर जेवढे नुकसान होते त्यापेक्षा येथे अधिक होते, कारण उशिरा भरणारा गड्डा फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात सापडतो व सैल राहतो.

४. अन्नद्रव्यांचे कार्य

४.१ नत्र : नत्र हा हरितद्रव्याचा व प्रथिनांचा घटक आहे. त्याच्या अभावी जुनी पाने पिवळी पडतात, झाड खुरटते, गड्डा लहान व उशिरा येतो. योग्य मात्रेत पानांचे क्षेत्रफळ व गड्ड्याचे वजन दोन्ही वाढतात. मात्रा त्याहून वाढविल्यास पेशी मोठ्या पण पातळ भिंतीच्या होतात, गड्डा सैल राहतो किंवा शेवटी एकदम पाणी मिळताच तडकतो. लुसलुशीत पानांवर मावा व चौकोनी ठिपक्यांचा पतंग यांचा उपद्रव वाढतो. घाण्या रोगास पीक सहज बळी पडते आणि काढणीनंतर गड्डा लवकर सडतो.

४.२ स्फुरद : मुळांची वाढ व रोपाची सुरुवातीची उभारी स्फुरदावर अवलंबून असते. त्याच्या कमतरतेत पानांची खालची बाजू जांभळट दिसते. आम्लधर्मी जमिनीत लोह व ॲल्युमिनिअम यांच्याशी संयोग होऊन स्फुरद बद्ध होतो. कोकणात तो पसरून न देता रोपाच्या मुळाजवळ, शेणखतात मिसळून देणे हितावह ठरते.

४.३ पालाश : पानांत तयार झालेली शर्करा गड्ड्यापर्यंत वाहून नेणे, पाण्याचा समतोल राखणे व गड्ड्याला घट्टपणा आणणे ही पालाशाची कामे आहेत. कमतरतेत जुन्या पानांच्या कडा करपतात. नत्र भरपूर आणि पालाश अपुरे अशी स्थिती असल्यास पाने वाढतात पण गड्डा टणक होत नाही. बाजारात दाबून पाहिले जाते ते नेमके हेच.

४.४ गंधक : मोहरी कुळातील पिकांना गंधकाची गरज इतर भाज्यांपेक्षा अधिक असते. कोबीचा विशिष्ट वास व चव गंधकयुक्त संयुगांमुळेच येते. प्रथिने तयार होण्यासाठी नत्राला गंधकाची जोड लागते. गंधक कमी असल्यास दिलेले नत्रही पूर्णपणे उपयोगी पडत नाही.

४.५ कॅल्शियम व सूक्ष्म अन्नद्रव्ये : आतील कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होणे ही कॅल्शियमच्या कमतरतेची खूण आहे. जमिनीत कॅल्शियम असूनही ही विकृती उद्भवते, कारण ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर बाहेरच्या पानांकडे जाते आणि आत झाकलेल्या पानांना कमी पडते. नत्र देऊन वाढ एकाएकी वेगवान केल्यास ही तफावत वाढते. बोरॉनच्या अभावी खोड पोकळ होते. मॉलिब्डेनमची उणीव आम्लधर्मी जमिनीत जाणवते. जमिनीचा सामू ६ ते ७ च्या दरम्यान असणे कोबीस अनुकूल असते. तो ५.५ हून कमी असल्यास परीक्षणानुसार चुना देणे हा खताचा पहिला हप्ता समजावा.

५. खताची मात्रा आणि उत्पादनाचा आलेख

जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टस फॉन लीबिग यांनी १८४० च्या सुमारास प्रसृत केलेला न्यूनतमाचा नियम सर्वपरिचित आहे. जे अन्नद्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत कमी असते ते उत्पादनाची मर्यादा ठरविते. पुढे १९०९ साली मिटशरलिख यांनी घटत्या प्रतिसादाचा नियम गणिती स्वरूपात मांडला. खताच्या पहिल्या काही किलोंनी उत्पादन झपाट्याने वाढते, पुढील प्रत्येक किलोने कमी कमी वाढते, एका मर्यादेनंतर आलेख सपाट होतो व अतिरेक झाल्यास खाली वळतो.

हे दोन नियम एकत्र पाहिल्यास एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. आलेख सपाट झाल्यावर अधिक युरिया टाकून तो पुन्हा चढत नाही. अडसर पालाशाचा, गंधकाचा, सामूचा किंवा थंडीचा असेल तर तोच दूर करावा लागतो. प्रत्यक्षात मात्र पीक थांबल्यासारखे वाटताच युरियाच दिला जातो, कारण त्याचा परिणाम चार-आठ दिवसांत पानांच्या गडद हिरव्या रंगातून डोळ्यांना दिसतो. पालाशाचा किंवा गंधकाचा परिणाम असा दिसत नाही.

किमतींचाही यात मोठा वाटा आहे. १ एप्रिल २०१० पासून स्फुरद व पालाशयुक्त खतांना अन्नद्रव्याधारित अनुदान लागू झाले आणि त्यांच्या किमती वाढत गेल्या. युरियाची किंमत मात्र शासननियंत्रित राहिली. ४५ किलो युरियाची गोणी सुमारे २६६ रुपयांना आणि ५० किलो डीएपीची गोणी १३५० रुपयांना मिळते. अशा स्थितीत शेतकऱ्याचा कल युरियाकडे झुकल्यास त्यास केवळ अज्ञान म्हणता येणार नाही. तो बाजाराने दिलेल्या संकेताप्रमाणेच वागतो.

६. शिफारशीची मात्रा : गुंठ्याचा हिशेब

महाराष्ट्रात कोबीसाठी हेक्टरी २० ते २५ टन शेणखत आणि १६० किलो नत्र, ८० किलो स्फुरद व ८० किलो पालाश अशी मात्रा सर्वसाधारणपणे सुचविली जाते. निम्मे नत्र, संपूर्ण स्फुरद व संपूर्ण पालाश लागवडीच्या वेळी आणि उरलेले निम्मे नत्र सुमारे एक महिन्याने द्यावयाचे असते. ही मात्रा आरंभबिंदू होय. मृद्‍परीक्षणानुसार तीत बदल करणे अपेक्षित आहे.

हेक्टरची भाषा गुंठ्यात शेती करणाऱ्यास उपयोगी पडत नाही. एका हेक्टरचे जवळजवळ ९९ गुंठे होतात. त्यानुसार एका गुंठ्याचा हिशेब पुढीलप्रमाणे येतो.

तक्ता क्र. १ : एका गुंठ्यासाठी खतांची मात्रा

पर्याय अ (सरळ खते)
शेणखत : सुमारे २०० किलो
सिंगल सुपर फॉस्फेट : सुमारे ५ किलो
म्युरेट ऑफ पोटॅश : सुमारे १.३५ किलो
युरिया : एकूण सुमारे ३.५ किलो (निम्मा लागवडीस, निम्मा नंतर)

पर्याय ब (मिश्र खत)
शेणखत : सुमारे २०० किलो
१५:१५:१५ मिश्र खत : सुमारे ५.४ किलो लागवडीस
युरिया : सुमारे १.७५ किलो नंतर

पर्याय ब मधील मिश्र खत मुंबईच्या तुर्भे (ट्रॉम्बे) येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या 'सुफला' या नावाने सर्वत्र ओळखले जाते. त्याच्या ५.४ किलोंतून लागवडीच्या वेळचे तीनही घटक शिफारशीच्या प्रमाणात मिळतात, हा योगायोग सोयीचा आहे. मात्र दोन्ही पर्यायांत एक महत्त्वाचा फरक आहे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरदाबरोबर सुमारे ११ टक्के गंधक असते. हेक्टरी ५०० किलो सुपर फॉस्फेटमधून सुमारे ५५ किलो गंधक अनायासे मिळते. मिश्र खत किंवा डीएपी वापरल्यास ही भरपाई होत नाही. तेव्हा जिप्सम किंवा अन्य मार्गाने गंधक देण्याचा विचार करावा लागतो. सोयीसाठी खत बदलले आणि कोबीचा घट्टपणा व चव घटली, तर त्याचे कारण बियाण्यात शोधण्यापूर्वी येथे शोधावे.

आता रोपाचा हिशेब पाहू. ४५ × ४५ सें.मी. अंतरावर एका गुंठ्यात सुमारे ५०० रोपे बसतात. नंतर द्यावयाचा १.७५ किलो युरिया ५०० रोपांत विभागल्यास प्रत्येक रोपास साडेतीन ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा युरिया येतो. प्रत्यक्षात युरिया मुठीने टाकला जातो आणि मूठ चमच्याच्या कितीतरी पट असते. खताची मात्रा बिघडते ती बहुधा शेतकऱ्याच्या हिशेबात नव्हे, तर त्याच्या मुठीत. चमचा किंवा एखाद्या बाटलीचे झाकण माप म्हणून वापरणे ही बिनखर्चाची सुधारणा आहे.

उत्पादनाच्या दृष्टीने पाहता, ५०० पैकी ४५० रोपांनी सरासरी ६०० ग्रॅमचा गड्डा दिल्यास गुंठ्यास २७० किलो, म्हणजे हेक्टरी सुमारे २७ टन उत्पादन होते. सरासरी वजन १०० ग्रॅमने वाढल्यास गुंठ्यामागे ४५ किलोंची वाढ होते. पण तडकलेले, सडलेले व सैल गड्डे दहापैकी एकाऐवजी दहापैकी तीन झाल्यास, गड्डा ७०० ग्रॅमचा होऊनही विक्रीयोग्य माल २४५ किलोंवर येतो. म्हणजे वजन वाढूनही उत्पन्न घटते.

७. हप्ते व खत देण्याची पद्धती

युरिया जमिनीत पडल्यावर काही दिवसांत त्याचे अमोनियममध्ये व पुढे जिवाणूंच्या क्रियेने नायट्रेटमध्ये रूपांतर होते. अमोनियम मातीच्या कणांना चिकटून राहतो, नायट्रेट मात्र राहत नाही. ते पाण्याबरोबर खाली जाते. डोंगरपायथ्याच्या मुरमाड, उथळ व निचऱ्याच्या जमिनीत ही गळती अधिक होते. म्हणून अशा जमिनीत नंतरचा युरिया एकाच वेळी न देता लागवडीनंतर सुमारे २० व ३५ ते ४० दिवसांनी दोन भागांत देणे श्रेयस्कर. गड्डा भरत आल्यानंतर नत्र देऊ नये. त्या वेळी दिलेले नत्र गड्डा तडकविते किंवा जमिनीतच राहते.

खत खोडापासून पाच-सहा सें.मी. अंतरावर बांगडी पद्धतीने टाकून मातीने झाकावे व लगेच हलके पाणी द्यावे. उघड्यावर पडलेल्या युरियातील नत्राचा काही अंश अमोनिया वायूच्या रूपाने उडून जातो. भरपूर पाटपाणी दिल्यास उरलेले खाली जाते. ठिबक सिंचनाची सोय असल्यास विद्राव्य खते अल्प मात्रेत वारंवार देता येतात व अपव्यय पुष्कळ कमी होतो.

खाडीकडील सखल भागात जमीन भारी व खारवट असते. तेथे म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराइडमुळे क्षारांत भर पडते, म्हणून शक्य असल्यास सल्फेट ऑफ पोटॅश वापरावे. त्यातून गंधकही मिळते. एकाच गावात डोंगराकडील व खाडीकडील जमिनीस भिन्न खत लागू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

८. सेंद्रिय खते व शहरी कंपोस्ट

शेणखतात नत्राचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का असते. गुंठ्यास दिलेल्या २०० किलो शेणखतात साधारण एक किलो नत्र असते आणि त्यापैकी थोडाच भाग पहिल्या हंगामात पिकास उपलब्ध होतो. त्यामुळे केवळ शेणखतावर कोबीची पूर्ण भूक भागत नाही. तथापि, शेणखताचे खरे मोल त्यातील नत्रात नसून जमिनीची ओल व अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची क्षमता वाढविण्यात आहे. मुरमाड जमिनीत शेणखताशिवाय दिलेला युरिया म्हणजे चाळणीत ओतलेले पाणी होय. किनारपट्टीवर पूर्वापार वापरली जाणारी पेंड व सुक्या मासळीचे खत यांतून नत्र सावकाश मिळते व तेही याच कारणासाठी उपयुक्त ठरते.

अडचण अशी की गोठे घटल्यामुळे शेणखत दुर्मिळ झाले आहे. शहराच्या कचऱ्यात मात्र सेंद्रिय पदार्थ विपुल आहेत. वसई-विरार शहराचा कचरा अनेक वर्षे गोखिवरे परिसरातील भोयदापाडा येथील क्षेपणभूमीवर टाकला गेला. ज्या गावाच्या जमिनीस सेंद्रिय कर्ब हवा आहे त्याच गावात शहराचा सेंद्रिय कचरा साचावा, यात एक विसंगती आहे. परंतु मिश्र कचऱ्यापासून केलेले कंपोस्ट सरसकट भाजीपाल्यास वापरणे धोक्याचे ठरेल. खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वये शहरी कंपोस्टमध्ये प्रतिकिलो कॅडमिअम ५ मिलिग्रॅमहून व शिसे १०० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. कोबीसारख्या पालेभाजीत जड धातूंचा प्रवेश थेट आहारात होतो. म्हणून ओला कचरा घरीच वेगळा करून, परीक्षण केलेले कंपोस्टच शेतीकडे वळविणे हा सुरक्षित मार्ग होय.

९. न घेतलेले नत्र : विहिरीचा हिशेब

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. भारतीय मानक ब्युरोच्या पेयजलविषयक मानकानुसार पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. त्याहून अधिक नायट्रेटचे पाणी तान्ह्या बालकांच्या दुधात वापरले गेल्यास रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते व अंग निळसर पडते.

एक किलो नत्रापासून सुमारे ४.४३ किलो नायट्रेट तयार होते. ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेने भागल्यास हे नायट्रेट सुमारे ९८ हजार लिटर शुद्ध पाणी मर्यादेच्या काठावर आणण्यास पुरेसे आहे. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असल्यास ते जवळजवळ इतकेच भरते. एक किलो नत्र म्हणजे दोन किलोंहून थोडा अधिक युरिया. गुंठाभर कोबीस चमच्याऐवजी मुठीने खत देताना इतका युरिया सहज जादा पडतो. सारेच नत्र विहिरीत उतरत नाही, हे खरे. काही हवेत जाते, काही मातीतील जीव घेतात. तरीही प्रमाण किती लहान आहे व परिणाम किती मोठा असू शकतो, हे या साध्या गणितावरून स्पष्ट व्हावे.

गळतीची वेळही ध्यानात घेतली पाहिजे. मार्चमध्ये काढणी झाल्यावर जमिनीत उरलेले नायट्रेट उन्हाळाभर तेथेच राहते. उत्तर कोकणात जून ते सप्टेंबर या काळात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पहिल्या मोठ्या सरींबरोबर हे नायट्रेट खाली उतरते. त्याच जमिनीत भात लावल्यास व पाणी साचून राहिल्यास त्यातील काही भागाचे रूपांतर वायूत होऊन तो हवेत जातो. पाणी न साचणाऱ्या उंचवट्याच्या वाडीत मात्र त्याची वाट विहिरीकडेच असते. काढणीनंतर उरलेल्या ओलीवर एखादे कमी मुदतीचे, बिनखताचे पीक घेतल्यास उरलेले नत्र पुन्हा उपयोगात येते.

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. दाट वस्तीच्या भागात विहिरीतील नायट्रेट केवळ खतातून येत नाही. शोषखड्डे, उघडी गटारे व कचऱ्यातून झिरपणारे पाणी हेही त्याचे स्रोत आहेत. उरलेल्या मोजक्या शेतकऱ्यांवर सर्व दोष ठेवणे अन्यायाचे होईल. म्हणूनच अनुमानापेक्षा मोजमाप हवे.

१०. महाविद्यालयीन पातळीवरील अभ्यासाची दिशा

असे मोजमाप महाविद्यालयांना सहज शक्य आहे. सुमारे दीड गुंठ्यात यादृच्छिक गट पद्धतीने पाच उपचार व चार पुनरावृत्ती, असे वीस वाफे आखता येतात. उपचार पुढीलप्रमाणे घ्यावेत : (१) खतविरहित, (२) केवळ शेणखत, (३) केवळ शिफारशीची रासायनिक मात्रा, (४) शेणखतासह शिफारशीची मात्रा, आणि (५) स्थानिक शेतकऱ्याच्या प्रचलित पद्धतीची मात्रा. २.७ × १.८ मीटरच्या वाफ्यात २४ रोपे बसतात. त्यांपैकी कडेची सोडून आतील ८ रोपांची निरीक्षणे घ्यावीत.

नोंदींमध्ये पानांची संख्या, गड्डा धरण्यास लागलेले दिवस, गड्ड्याचे व संपूर्ण झाडाचे वजन, तडकलेल्या गड्ड्यांचे प्रमाण आणि आठ दिवसांच्या साठवणुकीतील घट यांचा समावेश असावा. त्याचबरोबर परिसरातील विहिरींच्या पाण्यातील नायट्रेट लागवडीपूर्वी, काढणीनंतर व जुलैमध्ये मोजावे. शेतापासून दूर असलेल्या एक-दोन विहिरी तुलनेसाठी घ्याव्यात. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, भूगोल व अर्थशास्त्र या पाचही विभागांना यात काम आहे. मार्गदर्शनासाठी डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली आणि डहाणू तालुक्यातील कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्र यांच्याशी संपर्क साधता येईल.

११. निष्कर्ष

(१) कोबीच्या उत्पादनात नत्राचे स्थान प्रमुख आहे, परंतु झाडाची वाढ व विक्रीयोग्य उत्पादन या एकच गोष्टी नव्हेत.
(२) पालाश, गंधक व योग्य सामू यांच्या जोडीशिवाय नत्र पूर्ण फलदायी होत नाही. खताचा प्रकार बदलताना गंधकाचा हिशेब विसरू नये.
(३) उत्तर कोकणातील थंडीचा अल्प अवधी लक्षात घेता खताची वेळ ही मात्रेइतकीच निर्णायक आहे.
(४) शिफारशी गुंठ्याच्या व रोपाच्या मापात सांगितल्यास अपव्यय टळण्याची शक्यता अधिक आहे.
(५) उथळ विहिरींच्या परिसरात पिकाने न घेतलेले नत्र हा उत्पादनखर्चाचाच भाग मानला पाहिजे. युरियाच्या गोणीवरील किमतीत तो दिसत नाही, म्हणून तो नाही असे होत नाही.

गोखिवरे येथील शेती किती वर्षे टिकेल हे खतावर ठरणार नाही. ते जमिनीच्या भावावर व शहराच्या विस्तारावर ठरेल. विहिरी मात्र शेती गेल्यावरही राहतील, आणि त्यांचे पाणी ज्यांनी कधी कोबी लावला नाही अशांच्या घरांतही वापरले जाईल. म्हणून खताचा विचार केवळ शेतकऱ्यावर सोडून न देता तो अध्यापक व विद्यार्थी यांनीही आपला मानावा, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.